पांजरपोळ आणि गिधाडे



मंगल प्रसंगी गिधाडाचे नाव कोणी घेत नाही. मी ते आज मुद्दाम घेतो. हा पक्षी शिकार करीत नाही, मेलेल्या जनावरांवर जगतो. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उजेडात आले. आजारी गुरांच्या वेदना शमविण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचले जाई. ते दिल्यावर लवकरच दगावलेल्या गाईचे मांस खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काही दिवसांतच ते मरते. अन्नसाखळीतील ही एक कडी तुटताच मृत जनावरे उघड्यावर सडू लागली, त्यांवर भटकी कुत्री पोसली आणि रेबीजचा धोका वाढला.

सुई टोचणाऱ्याच्या मनात करुणाच होती, हे विसरता येत नाही. जीवदया म्हणताना आपण गाय पाहिली. तिच्यानंतर तिच्यावर जगणारा जीव पाहिला नाही.

जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना बाधत नाही. पांजरपोळांच्या विश्वस्तांना विनंती, की औषधांचे कपाट एकदा स्वतः उघडून पाहावे. माणसांसाठीची डायक्लोफेनॅकची कुपीही तेथे असू नये.