जुना संगणक आणि हमीचा वारसा



संगणक ही आता केवळ शहरातील मोठ्या कार्यालयांची मिरास राहिलेली नाही. ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेच्या पटाची नोंद, पतसंस्थेचे हिशेब ही कामे त्याच्यावाचून अडतात. तथापि नव्या यंत्राची किंमत प्रत्येकाला झेपतेच असे नाही. म्हणूनच मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथून वापरलेल्या संगणकांचा आणि सुट्या भागांचाही व्यापार चालतो. जुनी वस्तू घेण्यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न उभा राहतो तो हमीचा.

समजा, एका शिक्षकाने मुलीच्या शिक्षणासाठी जुना लॅपटॉप घेतला. 'कंपनीची वॉरंटी अजून दीड वर्ष शिल्लक आहे' असे विक्रेत्याने तोंडी सांगितले. तीन महिन्यांनी यंत्राचा मदरबोर्ड निकामी झाला. सेवा केंद्राने मूळ खरेदीचे बिल मागितले आणि ते शिक्षकाजवळ नव्हते. अशा वेळी त्या उरलेल्या दीड वर्षावर त्याचा हक्क आहे काय?

हमी म्हणजे उत्पादकाने दिलेले वचन होय. ते कोणाला आणि कोणत्या अटींवर दिले आहे, हे हमीपत्रात नमूद असते. वस्तू हातोहात गेली म्हणजे वचनही आपोआप तिच्याबरोबर गेले, असा सरसकट नियम आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस अधिनियमानुसार 'पूर्ण' म्हणून दिलेली हमी मुदतीतील प्रत्येक मालकाला लागू होते. 'मर्यादित' हमी मात्र पहिल्या ग्राहकापुरती ठेवता येते. आपल्याकडे हमीपत्राची भाषा हाच पहिला आधार होय.

या दृष्टीने हमीपत्रांचे तीन प्रकार आढळतात. काही हमी यंत्राच्या अनुक्रमांकाशी जोडलेल्या असतात. यंत्र ज्याच्या हाती, त्याला उरलेल्या मुदतीची सेवा मिळते. काही हमी मालकी बदलल्याची नोंद केल्यावर पुढे चालतात. उदाहरणार्थ, डेल कंपनीकडे यंत्राच्या सर्व्हिस टॅगवरून अशी नोंद करण्याची सोय आहे. तिसऱ्या प्रकारात हमी केवळ मूळ खरेदीदारापुरती असते. तेथे दुसऱ्या मालकाला तिचा लाभ नाही. मुदत मात्र सामान्यतः पहिल्या खरेदीच्या दिवसापासूनच मोजली जाते, दुसऱ्या विक्रीपासून नव्हे.

सुट्या भागांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तयार संगणकात बसवून आलेल्या हार्ड डिस्कची जबाबदारी बहुधा संगणकाच्या उत्पादकाकडे असते, डिस्कच्या उत्पादकाकडे नव्हे. ती बाहेर काढून वेगळी विकली, तर घेणाऱ्याच्या हाती डिस्क येते, हमी येत नाही. एसएसडीच्या हमीला अनेकदा वर्षांबरोबर लिहिलेल्या माहितीच्या परिमाणाचीही मर्यादा असते. मुदत शिल्लक असली तरी वापर संपलेला असू शकतो. परदेशातून आणलेल्या यंत्राची हमी काही वेळा त्या देशापुरतीच असते.

मग उत्पादकाचे दार बंद झाले की ग्राहक निराधार होतो काय? तसे नाही. ज्याने वस्तू विकली, त्याची जबाबदारी स्वतंत्र आहे. वस्तू विक्री अधिनियम, १९३० अनुसार वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असली पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात येऊ लागला. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे आणि विकलेल्या मालाचे बिल न देणे या दोन्ही गोष्टी त्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविल्या आहेत. त्या शिक्षकाजवळ 'दीड वर्षाची वॉरंटी शिल्लक' असे लिहिलेले बिल असते, तर विक्रेत्याला त्या शब्दापासून सहजी मागे फिरता आले नसते.

यास्तव पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. यंत्रावरील अनुक्रमांक स्वतः वाचून उत्पादकाच्या संकेतस्थळावर मुदत पडताळावी. मूळ बिलाची प्रत मागून घ्यावी. हमी हस्तांतरणीय आहे काय, हे हमीपत्रात पाहावे आणि नोंद आवश्यक असल्यास विक्रेत्यासमक्षच ती पूर्ण करावी. शेवटी, अनुक्रमांक, यंत्राची स्थिती आणि विक्रेता स्वतः देत असलेली हमी बिलावर लिहून घ्यावी. शाळा व ग्रामपंचायतींनी तर या अटी खरेदीच्या आदेशातच घालाव्यात, कारण तेथे खर्च होणारा पैसा लोकांचा असतो.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तो जाऊ शकतो. विक्रेत्याच्या शहरी खेटे घालण्याची गरज नाही. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या मालाला हे संरक्षण नाही; स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या संगणकाला मात्र ते आहे.

जुन्या यंत्राची किंमत कमी असते, पण ते घेणाऱ्याच्या दृष्टीने ती रक्कम लहान नसते. बहुधा तीच त्याची पुंजी असते. गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांचा सल्ला लोक मानतात. 'बिल घेतले का? हमी कोणाच्या नावे आहे?' हे दोन प्रश्न त्यांनी प्रत्येक खरेदीच्या वेळी विचारण्याची सवय लावली, तर अनेक कुटुंबांची पुंजी वाचेल.