बेस गिटार आणि आपला शेजार
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, 'माझा छंद'. वर तंबी दिली, "काका, हिशेबावर बोलू नका, ते आम्ही दर वार्षिक सभेत ऐकतो. तुमच्या त्या गिटारवर बोला." मी अनेक वर्षं आपला खजिनदार होतो आणि त्याआधी अडतीस वर्षं बँकेत, त्यामुळे हिशेब थोडासा येणारच. तो सोसून घ्यावा.

माझं वाद्य म्हणजे बेस गिटार. लिफ्टमध्ये भेटणारी मुलं विचारतात, "आजोबा, तुमच्या गिटारच्या दोन तारा तुटल्या का?" तुटल्या नाहीत. साध्या गिटारला सहा तारा असतात, हिला चारच. पण त्या चांगल्या जाड असतात आणि साध्या गिटारच्या खालच्या पट्टीतल्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली बोलतात. मान लांब, वजन चार किलोच्या आसपास. या वयात मी ती बसूनच वाजवतो.

आधी हे काम माणसाच्या उंचीचं मोठं डबल बेस करायचं. ते पाठीवर वाहून न्यायचं आणि त्याचा आवाज ड्रम आणि ट्रंपेटमध्ये बुडून जायचा. अमेरिकेत लिओ फेंडर या गृहस्थांनी गिटारसारखं हातात धरता येणारं, विजेवर चालणारं बेस बाजारात आणलं ते १९५१ साली. बोट नेमकं कुठं ठेवायचं हे पट्ट्यांमुळे कळतं, म्हणून त्याचं नाव प्रिसिजन बेस. माझा जन्मही १९५१ चाच. तेव्हा आम्ही दोघं एका वयाचे, फक्त तिचे गुडघे दुखत नाहीत.

मी वाजवायला लागलो तो बँकेमुळे. १९७३ साली फोर्टमधल्या शाखेत लागलो. आमच्या स्नेहसंमेलनाचा वाद्यवृंद होता. त्यात गिटार वाजवणारे तिघे, बेस वाजवायला कोणी नाही. सगळ्यांना पुढे उभं राहायचं होतं. कॅश विभागातले एक गोवेकर सहकारी मला म्हणाले, "तू नोटा चांगल्या मोजतोस, तुझी बोटं एका चालीत चालतात. तू बेस घे." अशी माझी नेमणूक झाली. नंतर वाचनात आलं, की बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीकडे १९६१ साली बेस आलं तेही असंच, आधीचा वाजवणारा गेला आणि बाकी कोणाला ते नको होतं. तेव्हा मी एकटा नाही!

या गोवेकर मंडळींचं ऋण मोठं आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा कणा झाली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्या काळची गाणी आजही कानात बसली आहेत, पण गाण्याची तबकडी हातात घेतली तर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं दिसत. वाजवणाऱ्यांची नाहीत.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत मोटाऊन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांवर जेम्स जेमरसन यांचं बेस आहे. साठच्या दशकात ते घराघरांत वाजत होते, पण तबकडीच्या वेष्टनावर त्यांचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते १९७१ साली. जगभरचे बेस वाजवणारे आज त्यांना गुरू मानतात.

मग हे बेस करतं तरी काय? आमच्या सौ.ना विचाराल तर नुसतं धुम-धुम करतं. त्यांचं म्हणणं, "एखाद्या मुंजीत, साखरपुड्यात वाजवता येईल असं काहीतरी शिकला असता तर!" त्यांचं खरं आहे. एकटं बेस वाजवलं तर कोणतं गाणं चाललंय ते घरच्यांनाही कळत नाही. पण तबल्यातला डग्गा काढून टाका आणि मग ऐका. किंवा गवयामागचा तानपुरा बंद करा. गाणं तेच असतं, पण त्याच्या पायाखालची जमीन जाते. बेस एका हाताने तालाला धरतं, दुसऱ्या हाताने सुराला. गायकाला आपण कुठे आहोत ते त्यातून कळतं. ते नीट चाललं असेल तर कोणाचं लक्ष जात नाही, थांबलं तर सगळ्यांचं जातं.

आता हिशेब. आपल्या उपविधीप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंडात जाते. महिन्याच्या बिलात ती ओळ कोणी वाचत नाही. सभेत पार्किंगवर दोन तास चर्चा होते, सिंकिंग फंडावर दोन मिनिटं. पण पंचवीस वर्षं झालेल्या इमारतीची मोठी दुरुस्ती निघाली की आपण ज्याच्यावर उभे राहतो तो हाच फंड. पहाटे पंपाचं बटण दाबणारा आपला वॉचमन, जिन्याचे दिवे बंद करणारे तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ, हे सगळे माझ्या मते बेस वाजवणारे आहेत. आज सत्काराच्या यादीत त्यांची नावं आहेत, याबद्दल समितीचे आभार.

माझा दिवस साधा आहे. सकाळी चालणं, पेपर, मग साडेअकरा ते साडेबारा सराव. मोबाइलमध्ये ठोके लावतो, मिनिटाला साठ. तरुणांना वाटतं जलद वाजवणं कठीण. उलट आहे. सावकाश वाजवताना दोन ठोक्यांच्या मधली जागा मोठी असते आणि तिथेच माणूस घसरतो. बोटांना घट्टे पडतात, ते पडू द्यायचे. बरेच दिवस सोडलं तर जातात, मग पुन्हा दुखणं आलंच. आणखी एक गंमत. वय झालं की कानातून आधी उंच पट्टीचे आवाज जातात. नातीची कुजबुज मला ऐकू येत नाही, बेसचा खालचा सूर मात्र छान ऐकू येतो. निवृत्तांना याहून सोयीचं वाद्य नाही.

शनिवारी आम्ही चौघं जमतो. कीबोर्डवर ए विंगमधले निवृत्त मुख्याध्यापक, ऑक्टोपॅडवर एक तरुण इंजिनियर, गायला वहिनी. आम्ही हौशी आहोत, त्याबद्दल कोणाचा गैरसमज नसावा. पण माझं एक ठाम मत आहे, ते इथे सांगतो. हल्ली कार्यक्रम म्हटला की कॅराओके. ट्रॅक लावला, माइक हातात घेतला, झालं. स्वस्त आहे, सोपं आहे, आवाजही चकचकीत. पण ट्रॅक कोणासाठी थांबत नाही.

करोनानंतरचा आपला पहिला मोठा गणेशोत्सव आठवा. आपल्यातल्या एक आजी गायला उभ्या राहिल्या. आजोबा आदल्या वर्षी गेले होते, आणि गाणं त्यांच्या आवडीचं होतं. पहिलं कडवं झालं आणि आजींचे शब्द थांबले. मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. आम्ही त्याच एका जागेवर गोल फिरत राहिलो. एक आवर्तन, दोन, पाच, सहा. कोणी काही बोललं नाही. सातव्याला आजींनी डोळे पुसले आणि बरोबर समेवर आल्या. पुढचं गाणं त्यांनी पूर्ण केलं. त्या दिवशी ट्रॅक असता तर तो आजींना तिथेच सोडून पुढे निघून गेला असता. वाजवणारी माणसं का हवीत, याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आता जरा नाजूक विषय. येत्या वार्षिक सभेपुढे एक ठराव येतो आहे, सदनिकेत कोणतंही वाद्य वाजवायला बंदी करावी असा. मी ठराव मांडणाऱ्यांवर रागावलेलो नाही. कोणाच्या घरी रात्रपाळी करून आलेला मुलगा झोपलेला असतो, कोणाकडे बारावीची परीक्षा, कोणाकडे तान्हं बाळ. त्यांना शांतता मिळालीच पाहिजे. आणि बेसवाल्याने तर हे सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं, कारण आमचा आवाज भिंतीला जुमानत नाही.

त्याचं कारण असं. माझ्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. त्याची एक लहर साधारण ८ मीटर लांब, म्हणजे आपल्या हॉलपेक्षा मोठी. बासरीचा आवाज भिंत बराचसा अडवते, हा आवाज भिंतीला आणि स्लॅबलाच हलवतो. अॅम्प्लिफायर घरी आणला तेव्हा मी खालच्या वहिनींना सांगून चाचणी घेतली. मी वर वाजवलं, त्या खाली उभ्या राहिल्या. त्यांनी फोन करून सांगितलं, "भाऊजी, गाणं काही ऐकू येत नाही, पण मांडणीवरच्या वाट्या नाचतायत." मग अॅम्प्लिफायर जाड रबरावर ठेवला, तेव्हा वाट्या शांत झाल्या. रोजच्या सरावाला तर मी हेडफोनच लावतो.

आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली. त्याच वर्षी देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५. नियम चांगला आहे, पण त्यातलं मोजमाप माणसाच्या कानाच्या कलाने केलेलं असतं आणि खोल आवाज त्यात फार कमी धरले जातात. म्हणून कोपऱ्यावर डीजेची भिंत उभी राहते तेव्हा छाती धडधडते, खिडक्यांच्या काचा वाजतात, पण तो खोल दणका मीटरवरच्या आकड्यात पुरता उतरत नाही. लोक म्हणतात, "केवढा हा बेस!" मला वाईट वाटतं. तो बेस नव्हे, तो दणका. बेसचं काम गाण्याला आधार द्यायचं, शेजाऱ्याला घरातून उठवायचं नव्हे.

तेव्हा माझी सूचना अशी. सरसकट बंदी करू नका. बंदी केली तर पाचव्या मजल्यावरच्या मुलीचा तबला थांबेल, भजनी मंडळाची पेटी थांबेल, आणि रस्त्यावरचा डीजे मात्र चालूच राहील, कारण तो काही आपल्या सदनिकेत वाजत नाही. त्यापेक्षा वेळा ठरवा, सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते आठ. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असताना संध्याकाळचीही सवलत नको. विजेवरची वाद्यं घरात फक्त हेडफोनवर. ढोल, ड्रमसेट घरात नकोच, त्यासाठी रविवारी दोन तास सोसायटीचं ऑफिस किंवा गच्चीखालची खोली द्या. आणि एखाद्या घरी आजारी माणूस असेल तर त्या घराने नुसता एक फोन करावा, त्या दिवशी सगळ्यांचं वाजवणं बंद. यासाठी नोटीस, दंड, वकील काही लागत नाही. खालच्या वहिनींचा आणि माझा कारभार असाच चालला आहे.

दुसरी सूचना गणपतीची. मिरवणुकीला आपण डीजे लावतो, त्याचं बिल मी पाहिलं आहे. रौप्यमहोत्सवी वर्षात आकडा सांगून तुमचा मूड घालवत नाही. या वर्षी डीजे नको. लेझीम काढा, टाळ-मृदंग आणा, मुलांना वाजवू द्या. चुकतील. चुकू द्या, आम्ही मागे उभे आहोत.

शेवटचं सांगतो आणि खाली बसतो. मी आता चौऱ्याहत्तरचा आहे. डाव्या हाताची करंगळी सकाळी लवकर ऐकत नाही. आमच्या चौघांत कीबोर्डला उद्या दुसरा मिळेल, गाणाऱ्यांची तर रांग आहे, बेसला मात्र अजून कोणी नाही. आठवी ते बारावीतल्या कोणाला शिकायचं असेल तर रविवारी सकाळी दहा वाजता घरी यावं. शिकवणी फुकट, वाद्य माझं वापरा, चहा-पोहे आमच्या सौ.कडून. अट दोनच. नोटा मोजल्यासारखी बोटं एका चालीत चालली पाहिजेत, आणि गाणारा अडला तर त्याला सोडून पुढे जायचं नाही.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.