कुमारांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

(मंडळाच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी पालक व कार्यकर्ते यांच्या सभेत केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याचे काम वाचनालय समितीकडे सोपविण्यात आले आहे. आम्ही कोणी साहित्याचे समीक्षक नाही. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक पोस्टातले कर्मचारी आहेत, एक नर्सताई आहेत आणि कॉलेजात शिकणारी दोन मुले आहेत. रविवारी सकाळी कपाट उघडायचे, नोंदवहीत नावे लिहायची, फाटलेल्या पुस्तकांना खळ लावायची, एवढाच आमचा अधिकार. पण हे काम करताना एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना कोणती कादंबरी, कोणते आत्मकथन द्यावे, कोणते थांबवून ठेवावे आणि हे ठरवावे कशावरून? या बाबतीत आमच्या हातून दोन चुका झाल्या. त्या आपल्यापुढे मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिली चूक अशी. नववीतील एका मुलीने बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे १९८६ साली पुस्तकरूपाने आलेले आत्मकथन घरी नेले. चार दिवसांनी तिची आई ते पुस्तक घेऊन आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, “बाई, पोरीच्या जातीनं हे वाचायचं का? सुनांचे हाल, मारझोड, बाळंतपणं! तुम्ही तरी वाचलंय का हे?” खरे सांगायचे तर आमच्यापैकी एकानेच ते वाचले होते, तेही पंधरा वर्षांपूर्वी. आम्ही खजील झालो. त्याच संध्याकाळी ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’, ‘कोल्हाट्याचं पोर’ अशी सारी पुस्तके वरच्या फळीवर ठेवून कुलूप लावले आणि ‘फक्त मोठ्यांसाठी’ अशी चिठ्ठी चिकटविली. जबाबदारी पार पाडल्याचे समाधान घेऊन घरी गेलो. ती मुलगी मात्र वाचनालयात यायची बंद झाली.

दुसरी चूक याहून मोठी होती. देणगीत आलेली एक कादंबरी आम्ही वरवर चाळली. शिवी नाही, शृंगार नाही, दारू नाही, मुखपृष्ठ सुंदर. खालच्या फळीवर ठेवली. दहावीच्या पूर्वपरीक्षेत दोन विषयांत नापास झालेल्या एका मुलाने ती नेली. त्या कादंबरीतला नायक अपयशाने खचून जीव देतो आणि मग ज्यांनी त्याला कधी विचारले नाही ते सारे त्याच्यासाठी रडतात. लेखकाने हे मोठे गोड करून लिहिले होते. मुलगा ते पुस्तक परत करीना. पुन्हा पुन्हा तोच शेवट वाचतो, असे त्याच्या मित्राने आमच्या कॉलेजच्या मुलाला सांगितले. नर्सताई त्याच दिवशी त्याच्या घरी गेल्या. त्याला सरळ विचारले, त्याचे ऐकून घेतले, आई-वडिलांना विश्वासात घेतले, डॉक्टरांकडे नेले. तो मुलगा आज आयटीआयमध्ये वायरमनचे शिक्षण घेत आहे. हे त्याच्या परवानगीने सांगत आहोत. केवळ पुस्तकामुळे त्याच्या मनात ते आले असे आम्ही म्हणत नाही. पण दुखऱ्या जागी ते पुस्तक नेऊन ठेवले आम्हीच, हे विसरता येत नाही.

बंधु-भगिनींनो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. जे द्यायला हवे होते ते आम्ही कुलपात घातले आणि जे थांबवायला हवे होते ते हातात दिले. असे का झाले? कारण आम्ही शब्द मोजले, पुस्तक वाचले नाही.

चित्रपटाला सरकारी मंडळाचा दाखला लागतो. २०२४ पासून त्यात सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्याही आल्या आहेत. पुस्तकाला असा दाखला नाही आणि तो असावा असे आम्हास वाटत नाही. इंग्लंडमध्ये २००८ साली प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वयाचा शिक्का छापण्याचे ठरविले, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासह अनेक लेखकांनीच विरोध केला. जे मूल उशिरा वाचायला शिकते, त्याच्या हातातील पुस्तकावर लहान वय छापलेले दिसले तर त्याला लाज वाटेल, हा त्यांचा एक मुद्दा होता. आपल्या वस्तीत तर तो अधिकच खरा आहे. आमच्याकडे आठवीतली मुले पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात करतात आणि वर्षभरात जाड कादंबरीपर्यंत येतात.

अमेरिकेतील एक उदाहरण आपल्या विचारासाठी सांगतो. शर्मन अलेक्सी यांची २००७ साली आलेली एक कुमार-कादंबरी आहे. तिच्यातील आदिवासी मुलगा आपल्या राखीव वस्तीतील शाळा सोडून दूरच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत जातो. घरी दारिद्र्य आणि दारू, शाळेत परकेपणा, आणि वस्तीतले लोक त्यालाच फितूर म्हणतात. या पुस्तकाला तिथला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. आणि २०१० ते २०१९ या दशकात ज्या पुस्तकांवर तिथल्या शाळा-ग्रंथालयांतून सर्वाधिक आक्षेप आले, त्यांच्या यादीत तेच पहिले होते. आक्षेप भाषेवर होते, लैंगिक उल्लेखांवर होते. वस्तीतून बाहेरच्या शाळेत गेलेल्या आपल्या मुलांना ही कथा परकी वाटेल काय? ज्या मुलांनी ते जगणे सोसले आहे, त्यांनीच ते वाचू नये, असा हा न्याय होतो.

आता ‘स्वच्छ’ म्हणून मानलेल्या पुस्तकांकडे वळू. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. ती कोणत्याही वयाला द्यावी, असे आपण सारे मानतो. आम्हीही मानतो. तिच्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला आई श्यामला पाठविते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायची असते. आमच्या रविवारच्या वाचनात हे पान आले तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले, “मदत केली, मग आंघोळ कशाला?” सभेत शांतता पसरली. त्या पानावर एकही वाईट शब्द नाही. पण आपल्या मुलाला त्या पानावर कुठे उभे राहावे ते कळेना. तो श्यामच्या जागी उभा राहू शकत नव्हता, कारण त्याला आपली पणजी दिसत होती. आम्ही पुस्तक बंद केले नाही. तो काळ कसा होता ते सांगितले, आणि याच लेखकाने १९४७ साली पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले हेही सांगितले. ती चर्चा दीड तास चालली. अपमान हाही पुस्तकाचा ‘आशय’ असतो. शिवी शोधणाऱ्याला तो दिसत नाही.

याबाबत आपल्यापुढे एक मोठा दाखला आहे. बाबासाहेबांनी आपल्या बालपणाबद्दल लिहून ठेवले आहे की, वडील त्यांच्याकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मुलाने विचारले, हे आम्ही का वाचायचे? रामजीबाबांनी मुलाला गप्प केले नाही. आपण अस्पृश्य मानले गेलेले लोक, मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून, लहान स्थितीतून मोठी झालेली माणसे पाहा, असे कारण त्यांनी दिले. मुलाला ते पटले नाही आणि त्याने त्या ग्रंथांतील थोर पात्रांवर आपले आक्षेप मांडले. शाळकरी वयातच कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. ते काही मुलांसाठी लिहिलेले पुस्तक नव्हते. केळुसकर गुरुजींनी वय पाहिले असेल, पण त्याहून अधिक त्या मुलाची भूक पाहिली. आणि वडिलांनी काय केले? पुस्तक दिले आणि प्रश्न ऐकून घेतला. यातले दुसरे काम आपण विसरतो.

या अनुभवांतून आम्ही पाच प्रश्न ठरविले आहेत. कोणतेही पुस्तक फळीवर ठेवण्यापूर्वी आमच्यापैकी दोघे ते पूर्ण वाचतात आणि हे प्रश्न विचारतात.

१. हिंसा, शिवी, लैंगिक प्रसंग आहे काय, एवढ्यावर थांबायचे नाही. तो कशासाठी आहे? अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त तलवार चालते, पण भुकेलेल्या माणसांसाठी चालते. हिंसेची मजा घेणारे पुस्तक वेगळे आणि हिंसेची वेदना सांगणारे वेगळे.

२. लेखक कोणाला हसतो? गरीब, काळी, अपंग, वस्तीतली, खालची म्हटलेली माणसे केवळ नोकर, चोर किंवा विनोदासाठी येतात काय?

३. मुली व स्त्रिया माणूस म्हणून येतात काय? हा प्रश्न आपल्या माणसांच्या पुस्तकांनाही लावायचा. पुस्तक आपले आहे म्हणून ते आपोआप योग्य ठरत नाही.

४. कृत्याचा परिणाम दिसतो काय? शेवट सुखाचाच हवा असा आग्रह नाही. परंतु मरण म्हणजे सुटका, किंवा छळ म्हणजे प्रेम, असे पुस्तक शिकवीत असेल तर ते एकट्या मुलाच्या हाती देऊ नये.

५. समोरचे मूल कोणते? सध्या त्याच्या घरी काय चालले आहे? तेच पुस्तक एका पंधरा वर्षांच्या मुलीला बळ देईल आणि दुसरीची जखम उघडील.

वयाबाबत आमची ढोबळ पद्धत अशी आहे. दहा ते बारा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिक, हे खुशाल द्यावे. तेरा-चौदाच्या पुढे ‘फकिरा’. मिलिंद बोकील यांची २००४ साली आलेली ‘शाळा’ ही कादंबरी नववीतल्या मुलाच्या पहिल्या प्रेमाची आणि आणीबाणीच्या काळाची आहे. तिच्यात मुलांच्या तोंडच्या शिव्या आहेत, पण मुलांना त्या आपण शिकवाव्या लागत नाहीत. चौदा-पंधराच्या मुलामुलींना ती आम्ही देतो. ‘बलुतं’, ‘अक्करमाशी’ यांसारखी आत्मकथने पंधरा-सोळाला, आणि आधी चार शब्द बोलून. त्याहून लहान मुलाने मागितले तर नाही म्हणत नाही, त्याच्यासोबत बसून निवडक पाने वाचतो. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. मुलांच्या हातात आज मोबाईल आहे, आणि त्यावर कोणत्याही वयाला काहीही दिसते. अशा वेळी आत्मकथनाला कुलूप लावणे म्हणजे दार उघडे ठेवून खिडकी बंद करण्यासारखे आहे.

आता त्या पहिल्या मातेविषयी सांगून थांबतो. आम्ही कुलूप काढले आणि तिच्या घरी गेलो. आमची चूक कबूल केली, न वाचता पुस्तक दिले ही, आणि न बोलता ते परत घेतले हीसुद्धा. निवृत्त बाईंनी त्यातली काही पाने मोठ्याने वाचली. पलंगावर मुलीची आजी बसली होती. ती म्हणाली, “हे काय इपरीत नाय. माझ्या थोरल्या भनीचं असंच झालं.” आणि मग ती बोलत राहिली. मुलगी ऐकत होती, आईही ऐकत होती. सासूच्या तोंडून ही हकिकत त्या माउलीनेही कधी ऐकली नव्हती. निघताना ती आम्हास म्हणाली, “पुस्तकाचं नाय ताई, पोरीनं काय विचारलं तर मला सांगता यायचं नाय, त्याचं भ्या वाटलं.”

तिची भीती खोटी नव्हती. आमच्या सर्व नियमांहून तिचे हे वाक्य आम्हास मोलाचे वाटते. मुलाचे वय पुरेसे आहे की नाही हे आपण विचारतो, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याइतकी आपली तयारी आहे काय, हेही विचारले पाहिजे. म्हणून या वर्षापासून महिन्याच्या शेवटच्या रविवारी पालकांचे वाचन सुरू करीत आहोत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी अवश्य यावे. आम्ही वाचून दाखवू, आपण सांगा. ती मुलगीही येते आणि आजीला सोबत आणते.



जयभीम.