टाळू बसली म्हणजे काय?
(बुलढाणे जिल्ह्यातील एका खेड्याच्या चावडीवर दिलेले व्याख्यान)



म्हाताऱ्या माणसांची थट्टा करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. त्यांच्या सांगण्यात खरे किती आणि खोटे किती, हे धान्य पाखडावे तसे पाखडून पाहावे, एवढाच आजचा हेतु आहे.

प्रथम आमच्याच घरचे सांगतो. आमची पहिली मुलगी आठ महिन्यांची होती. वैशाखाचे ऊन, आणि पोरीला जुलाब लागले. घरातील वडीलधारी म्हणाली, “दात येताहेत, जुलाब व्हायचेच. पाणी तोडा, म्हणजे थांबतील.” पाणी तोडले. दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, टाळू बसली. टाळूवर तेल थापले, अंगारा लावला. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोर गेली. आम्ही ट्रेनिंग कॉलेजातून आलेले मास्तर. आरोग्याचा धडा आम्हांस पाठ होता. पण वडिलांपुढे तोंड उघडले नाही. हा दोष आमचा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही.

आता पाखडून पाहू. टाळू बसते हे म्हातारीने पाहिले, ते अगदी खरे. तान्ह्या मुलाच्या डोक्याची हाडे पुरती जुळलेली नसतात. अंगातील पाणी आटले की ती मऊ जागा आत ओढली जाते. म्हणजे खूण खरी, पण उपाय खोटा. कपाशीचे रोप उन्हाने मलूल झाले, तर आपण पानाला तेल चोळतो काय? मुळाला पाणी देतो. दातांचेही तसेच. दात येण्याच्या वयात मूल रांगते, हाती लागेल ते तोंडात घालते, त्या घाणीने जुलाब होतात. दात बिचारे निरपराधी आहेत.

पाणी दिले तर जुलाब वाढतील, ही भीति पुष्कळांना वाटते. पण पाणी तोडल्याने जुलाब थांबत नाहीत, मूल मात्र सुकते. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र असली, म्हणजे जुलाब चालू असतांनाही आतडे पाणी ओढून घेते. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांत पटकी पसरली. बंगालमधील बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हातून पाजविले. शेकडा 30 च्या आसपास माणसे मरत होती, तो आकडा शेकडा 4 च्या खाली आला.

कृति साधी आहे. उकळून निवविलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव आसवांहून खारट नको. चमच्या-चमच्याने पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. आशाताईकडे याची पुडी मिळते आणि जस्ताची गोळीही. ती गोळी त्या सांगतील त्याप्रमाणे चौदा दिवस द्यावी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यांतील, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडील मंडळींनी ध्यानात ठेवावे, की खाऱ्या विहिरीचे पाणी यास चालणार नाही. त्यात मीठ आधीच आहे. पिण्याचे गोडे पाणीच घ्यावे. परंतु शौचात रक्त असेल, मूल गुंगीत असेल, पाणी पीत नसेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट चिकाची. बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध “जड” म्हणून कित्येक घरी पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवितात. अहो, गाय व्याली तर वासराला चीक पाजल्याशिवाय कोणता शेतकरी राहतो? उरलेल्याचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटतो. वासराचे कळते, लेकराचे कळत नाही! चिकात रोगाशी झुंजण्याचे बळ असते. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला पाजावे, सहा महिने दुसरे काही देऊ नये. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको.

आता म्हातारीचे खरे तेही मान्य करू. जुलाबात मोठ्या माणसाला मीठ घातलेली भाताची पेज किंवा पातळ ताक ती देते. ते उत्तम औषध आहे, खुशाल द्यावे.

सारांश, जुने म्हणून टाकू नका आणि जुने म्हणून डोक्यावर घेऊ नका. पारखून घ्या. आणि घरात कोणी “पाणी तोडा” म्हणाले, तर आमच्यासारखे गप्प बसू नका. वडिलांच्या पाया पडा, पण पोराला पाणी पाजा.