जिथे रक्त लागत नाही



‘आता माणसाचे हृदय छापता येणार’ अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी येते आणि अवयवाची वाट पाहणाऱ्या घरांत आशा पालवते. २०१९ मध्ये ती इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठातून आली. रुग्णाच्या पोटातल्या चरबीच्या पेशींपासून तिथे सशाच्या हृदयाएवढे चिमुकले हृदय तयार झाले होते. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण सगळ्या मिळून रक्त पुढे ढकलत नव्हत्या. हे शेवटचे वाक्य मथळ्यात कुठून येणार!

छपाई तुलनेने सोपी. जिवंत पेशी ओलसर जेलमध्ये कालवायच्या, ही झाली शाई. यंत्र ती बारीक तोंडातून थरावर थर सोडते. सोऱ्यातून चकली पाडतात ना, तसेच. आणि अडचणही तीच. पीठ सैल असेल तर आकार टिकत नाही, घट्ट असेल तर जोर लावावा लागतो. इथे जोर जास्त झाला की पेशीच मरतात.

पण समजा, छापले. पुढे जगवायचे कसे? शरीरातली बहुतेक प्रत्येक पेशी एखाद्या केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आतच असते. त्याहून दूर प्राणवायू पोचत नाही. म्हणजे यकृताचा बोटाच्या पेराएवढा तुकडा छापला, तरी त्यात केशवाहिन्यांचे जाळे हवे आणि ते रुग्णाच्या रक्तवाहिनीला जोडताही यायला हवे. घोडे अडले आहे ते इथे.

मग ज्या ऊतीत रक्तवाहिन्याच नसतात, तिच्यापासून सुरुवात का करू नये? कानाची कूर्चा तशी आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच कूर्चापेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसवला गेला. आणि तसाच आहे डोळ्याच्या दर्शनी भागावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरावाटे. रक्तवाहिन्या नसल्याने शरीर परका कॉर्निया सहसा नाकारतही नाही. नेत्रतज्ज्ञ एदुआर्द झिर्म यांनी त्याचे यशस्वी रोपण १९०५ मध्येच केले. मूत्रपिंडाला १९५४ साल उजाडावे लागले. छापलेल्या अवयवांचा क्रमही असाच लागेल, असे मला वाटते. हृदयाच्या बातम्यांपेक्षा डोळ्याच्या बातम्या वाचाव्यात.

अशी एक बातमी आपल्या शेजारचीच आहे. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, तिथली आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशीजीवशास्त्राची संशोधन संस्था यांनी मिळून छापलेला कॉर्निया २०२२ मध्ये सशाच्या डोळ्यात बसवला. त्यांची शाई मला विशेष वाटते. दान केलेल्या मानवी कॉर्नियातल्या पेशी धुऊन काढायच्या, उरलेल्या चौकटीचे जेल करायचे आणि त्यात मूलपेशी मिसळायच्या. कृत्रिम असे त्यात काही नाही. पण कॉर्निया पारदर्शक राहतो तो त्यातल्या कोलॅजेनच्या तंतूंची मांडणी शिस्तीची असते म्हणून. ती विस्कटली की काच धुरकट होते. माणसाच्या डोळ्यात हा पडदा टाके धरेल का, वर्षानुवर्षे स्वच्छ राहील का, ही परीक्षा सशाच्या डोळ्यात होत नाही.

एक गोष्ट बातम्यांत हरवते. या शाईचा कच्चा माल नेत्रदानातूनच येतो. छापखाना सुरू झाला तरी नेत्रपेढी बंद होणार नाही. एका दान केलेल्या कॉर्नियातून तीन छापता येतील, एवढाच हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.