रोजचे घड्याळ, थोडक्या पैशांत



मोठमोठ्या विषयांच्या या मालेत मी आज मनगटावरचे घड्याळ घेऊन उभा आहे. विषय हलका वाटेल. परंतु उद्या सकाळी शाळेत, कचेरीत किंवा मोंढ्यात जाताना आपल्यापैकी पुष्कळजण मनगटाला काहीतरी बांधणारच. ते देखणे असावे, रोज चालावे आणि त्यापायी कर्ज काढावे लागू नये, एवढेच माझे मागणे आहे.

आधी माझी फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका बाजारात मी एच.एम.टी.चे जुने ‘पायलट’ १४०० रुपयांना घेतले. काळीभोर तबकडी, कोरी करकरीत! पंधरा दिवसांत ते बंद पडले. घड्याळजींनी पाठ उघडली. तबकडी नव्याने रंगवलेली, तिचा एक पाय मोडलेला म्हणून ती चिकटवलेली आणि आतले मशीन गंजलेले. “सर, वरून बघून घेतलंत का?” एवढेच त्यांनी विचारले. दोष कारखान्याचा नव्हता. विकणाऱ्याचा होता आणि थोडा माझ्या डोळ्यांचा.

एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. त्यांचे ‘जनता’ किल्लीचे, साधे घड्याळ. पुढे बॅटरीची घड्याळे आली आणि २०१६ साली सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून जुन्या घड्याळाचा भाग हवा तर बहुधा दुसरे जुने घड्याळच मोडावे लागते. रंगवलेल्या तबकड्यांचा धंदा फोफावला तो यामुळेच.

असे एक ‘जनता’ वडिलांच्या ट्रंकेत पडून होते. मी ते घड्याळजींकडे नेले. मशीन उघडून, धुऊन, तेल देण्याचे ५०० रुपये झाले, किल्लीच्या बटणाचे १००, पट्ट्याचे २५०. काच प्लॅस्टिकची असल्याने तिचे चरे टूथपेस्टने घासून गेले. एकूण ८५०.

यातले ५०० कोणी वाचवू नयेत. हे मशीन तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. त्यातले सतरा खडे शोभेचे नसतात. ते कृत्रिम माणकाचे असतात आणि चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात, म्हणून झीज कमी होते. पण तेल वाळले, आत आपल्या काळ्या मातीची धूळ किंवा कापसाचा तंतू गेला, की खडे तरी काय करणार? नीट साफ केलेले घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढेमागे झाले तर रागावू नये. परभणीचा सूर्य तरी प्रमाणवेळेपेक्षा सरासरी तेवीस मिनिटे मागेच असतो! अचूकताच हवी त्याने बॅटरीचे घ्यावे. ते स्वस्तही पडते.

सुटे भाग जमवून घड्याळ बांधायचे असेल तर मशीन आधी ठरवावे. तबकडीमागचे दोन पाय त्या मशीनच्या भोकांत बसले पाहिजेत, काट्यांची भोकेही त्याच मापाची हवीत. तबकडीवरची अक्षरे भिंगाखाली जाड, फुटलेली दिसली तर ती रंगवलेली समजावी. रंगवलेली घेऊ नये असे नाही. तशी सांगून, त्या किमतीत मिळावी. पट्टा मात्र हौसेने निवडा, एका पट्ट्याने घड्याळाचे रूप पालटते. जनतेला १८ मिलिमीटरचा लागतो. हिवाळ्यात साधा तपकिरी चामड्याचा शोभतो. वैशाखात घामाने चामडे कुजते, तेव्हा नायलॉनचा बरा. डबी लहान म्हणून कोणी नाक मुरडील, पण बारीक मनगटावर लहानच खुलते.

घरात तंटा झाला तो तबकडीवरून. ती पिवळी पडली आहे, सहाच्या आकड्याशी एक डाग आहे. मुलगा म्हणाला, “बाबा, रंगवून घ्या, नव्यासारखी दिसेल.” घड्याळजीही तयार होते. वडील शेवटपर्यंत ज्या तबकडीकडे बघून मला शाळेला हाकलत, ती खरवडायला माझा हात होईना. मुलगा अजून कुरकुरतो, आणि देखणेपणाच्या बाबतीत त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

ते घड्याळ आज आणले आहे, पण खिशात आहे. कर्ण्यातल्या लोहचुंबकाजवळ गेले की आतल्या बारीक कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटते. तेव्हा वेळ किती झाली, ते अध्यक्षांनीच सांगावे.