चित्रफितीतील शब्द कागदावर



१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात दूरचित्रवाणी गावोगाव पोचली आहे. हळदीच्या लागवडीविषयीची माहिती वसमतचा शेतकरी तिच्यावरून ऐकतो. परंतु ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याला पडद्यावर केवळ ओठांची हालचाल दिसते. बोललेला शब्द लिहून दाखविणारी उपशीर्षके ही त्याची गरज होय. हीच उपशीर्षके मजकूररूपाने वेगळी काढली, तर त्यांचा लाभ साऱ्या गावाला होऊ शकतो.

अमेरिकेत १६ मार्च १९८० पासून प्रेक्षकाने मागितली तरच उमटणारी उपशीर्षके नियमित प्रसारित होऊ लागली. दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेषांनी बनत असे. दिसणाऱ्या चित्राच्या वरील एकविसाव्या रेषेत, प्रत्येक चौकटीबरोबर दोन अक्षरांचे संकेत पाठविले जात. हा वेग इतका मंद होता, की घरगुती व्हीएचएस फितीवरही ते संकेत उतरत. त्यामुळे फीत सुस्थितीत असल्यास योग्य यंत्राच्या साहाय्याने त्यांतील संवाद आजही लेखी स्वरूपात मिळविता येतात.

या व्यवस्थेत देवनागरीला मात्र स्थान नव्हते. भारतात वेगळी वाट चोखाळली गेली. ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली मांडलेल्या कल्पनेनुसार, गाण्याचे बोल त्याच भाषेत पडद्यावर दाखविण्याचा उपक्रम १९९९ साली अहमदाबाद दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’ या गुजराती कार्यक्रमात सुरू झाला. गाणे ऐकता ऐकता नवसाक्षरांचे वाचन पक्के व्हावे, हा त्यामागील हेतू होता. शिक्षकांनी तो अवश्य ध्यानी घ्यावा.

मजकूर मिळविण्याचे मार्ग तीन. उपशीर्षकांची स्वतंत्र संगणकीय धारिका असेल, तर तीतील वेळेचे आकडे गाळले की मजकूर हाती येतो. अक्षरे चित्रातच मिसळलेली असतील, तर अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली वापरावी लागते. आणि उपशीर्षकेच नसतील, तर ऐकून लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. यंत्राने लिहिलेला मसुदाही मूळ आवाजाशी ताडूनच स्वीकारावा.

ही पडताळणी हा साऱ्या कामाचा गाभा आहे. यंत्र ‘ध’ला ‘घ’ आणि ‘भ’ला ‘म’ समजते. औषधाच्या प्रमाणातील दशांशचिन्ह निसटले, तर २.५ चे २५ होतात. असा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर त्याची किंमत पीक मोजते. म्हणून आकडे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावेत. शेतकऱ्याच्या बोलीतील शब्दही बदलू नयेत. ‘शुद्ध’ करण्याच्या भरात त्याचे म्हणणेच हरवते.

कायद्याचे पाठबळही आहे. अपंगांना उपयोगी पडेल अशा स्वरूपात साहित्य रूपांतरित करण्याची मुभा प्रतिलिपी अधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने काही अटींसह दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि श्रवणबाधितांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रमांची मानके केंद्र शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केली.

तथापि, गावातील जुन्या फिती कायद्याने वाचणार नाहीत. दमट कपाटातील फितीला बुरशी लागते आणि तीवरील आवाज कायमचा जातो. शाळेने अशा फितींची यादी करावी, ग्रामपंचायतीने त्यांच्या प्रती काढण्याची सोय करावी आणि गावातील जाणत्यांनी मजकूर तपासून द्यावा. एका मुलासाठी लिहिलेला शब्द पुढे गावाचा दस्तऐवज ठरेल.